खिडकी कुठे उघडते आणि घर कुणाच्या नावावर आहे?

(डिंभे, ता. आंबेगाव इथे तरुण मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. मंचरकडे माझं ॲल्युमिनियम सेक्शनचं छोटं दुकान आहे. खिडक्या, दरवाजे, मच्छरजाळी हे माझं काम. इथल्या मुलांनी बोलावलं तेव्हा मी म्हटलं, मला खिडकीशिवाय काही येत नाही. ते म्हणाले, मग खिडकीवरच बोला. म्हणून आलो.

बोलायला एक कारणही आहे. मागच्या उन्हाळ्यात माझ्या खालाकडे एक माणूस आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात छापील अर्ज. म्हणाला, "केंद्र सरकारची नवी योजना आहे. जुन्या लाकडी खिडक्या काढून वीज वाचवणाऱ्या काचेच्या खिडक्या बसवून मिळतात. ऐंशी टक्के सबसिडी. नोंदणीचे फक्त अकराशे रुपये." खालाने पैसे दिले, आधारची झेरॉक्सही दिली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "बेटा, तू खिडक्यांचं काम करतोस आणि एवढी मोठी योजना आम्हाला सांगितली नाहीस?"

मी काय सांगणार? अशी योजनाच नाही. त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. अकराशे रुपये म्हणजे खालाची चार दिवसांची शेतातली मजुरी.

पण ते थाप कशावर रचलेलं होतं, ते बघा. खिडकी बदलायला सरकार पैसे देतं ही गोष्ट जगात खरी आहे. फक्त आपल्याकडची नाही.

कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथे 2021 साली ग्रीनर होम्स नावाची अनुदान योजना सुरू झाली. घर ऊर्जा वाचवणारं करायचं असेल, तर जास्तीत जास्त 5,000 डॉलरपर्यंत मदत. त्यात खिडक्याही होत्या. आधी तपासनीस घरी येऊन घराची तपासणी करणार, मग काम, मग पुन्हा तपासणी, त्यानंतर पैसे. 2024 मध्ये नवे अर्ज घेणं बंद झालं. अमेरिकेत 2023 पासून खिडक्यांच्या खर्चाच्या 30 टक्के, पण वर्षाला 600 डॉलरपर्यंतच, आयकरात सूट मिळत होती. तीही 31 डिसेंबर 2025 ला संपली.

माझा एक खालाजाद भाऊ टोरंटोजवळ राहतो. एका घराच्या तळघरात भाड्याने. खिडकी जमिनीच्या पातळीला, एवढीशी. थंडीत काचेवर आतून बर्फाची साय धरते म्हणतो. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा, त्याने अनुदान घेऊन वरच्या खिडक्या बदलल्या. भाऊ म्हणाला, "अनुदान घराच्या मालकाला आहे. मी भाडेकरू. माझी थंडी कागदावर नाही." अमेरिकेतही तसंच. ती सूट करातून वजा होते. ज्याला करच लागत नाही इतकं ज्याचं उत्पन्न कमी, त्याच्या हातात काहीच पडत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. सरकारी सवलत गरजेकडे बघून निघते, पण पोचते ती ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्यापर्यंत. शेवटी मी पुन्हा इथेच येणार आहे.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे खिडकीला सवलत का नाही? एक कारण हवामानाचं आहे. तिकडे सहा महिने घर गरम ठेवावं लागतं. ती ऊब खिडकीतून बाहेर पळते. म्हणून दोन काचा, मध्ये वायू भरलेली पोकळी, चौकटीला रबर. आपली गोष्ट उलटी. आपल्याला ऊन आत येऊ द्यायचं नाही, पण वारा आत यायला हवा, आणि पावसाळ्यात भीमाशंकरकडून येणारी झड बाहेर राहायला हवी. यातलं बरंचसं काम महाग काचेपेक्षा छज्जा करतो, समोरासमोरची दुसरी खिडकी करते, आणि वरचा झरोका करतो.

आपल्या देशात याचा हिशोब कुणी मांडलाच नाही असं नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 च्या डिसेंबरमध्ये घरांसाठी एक संहिता काढली, 'इको निवास संहिता'. त्यात एक साधा नियम आहे. घराचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्या किती टक्के खिडकी प्रत्यक्ष उघडली पाहिजे? उष्ण दमट हवेत 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. उष्ण कोरड्या हवेत 10 टक्के. थंड प्रदेशात 8.33 टक्के.

आता दहा बाय बाराची खोली घ्या. 120 चौरस फूट. सहावा हिस्सा म्हणजे 20 चौरस फूट उघडी जागा. दहा टक्के धरले तरी 12. आपण काय बसवतो? चार बाय चारची स्लायडिंग. ती 16 चौरस फुटांची दिसते. पण दोन ट्रॅकच्या स्लायडिंगचं एक पान नेहमी दुसऱ्याच्या मागे असतं. उघडते निम्मीच, म्हणजे 8. जुनी बिजागरीची दोन झडपांची खिडकी त्याच मापात जवळजवळ सगळी उघडायची. संहितेतसुद्धा हाच हिशोब धरला आहे: स्लायडिंगला 50 टक्के, झडपांच्या खिडकीला 90.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या पंधरा वर्षांत मी या तालुक्यात किती स्लायडिंग बसवल्या, मोजदाद नाही. लोकांना ती पक्क्या घराची खूण वाटते. मलाही सोपी पडते. कित्येक घरांत मी स्वतः सागवानी झडपा काढून दिल्या आणि वरचे झरोके वीट-सिमेंटने बंद केले, कारण गिऱ्हाईक म्हणालं, "चिमण्या घर करतात." गिऱ्हाईकाला नको म्हणायला मी कधी थांबलो नाही. नंतर तेच लोक एप्रिलमध्ये म्हणायचे, घर नवीन केलं पण जास्त तापतं. ते खरं होतं, आणि त्यात माझा हात होता.

ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या, 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या, गृहप्रकल्पांसाठी लिहिली आहे. आपल्या गावठाणातल्या घराला कुणी ती लावायला येणार नाही. पण गणिताला परवानगी लागत नाही. नवीन घर बांधताना किंवा घरकुल उभं राहताना गवंड्याला एवढंच विचारा: "उघडी जागा किती?"

आणि आपल्या घरांतली एक खास अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलू. मोहल्ल्यातली घरं रस्त्याला लागून. खिडकी उघडली की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आत. म्हणून ती उघडतच नाही. वर जाड पडदा. पुरुष दिवसभर बाहेर, नाक्यावर, मशिदीच्या कट्ट्यावर, दुकानात. बंद खोलीत कोण? अम्मी, बहीण, अंथरुणावरची दादी. पडद्याची किंमत आपण त्यांच्या श्वासातून वसूल करतो.

हे दोन्ही जमवायची विद्या आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद 1573 च्या सुमाराची. बांधणारा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या माणसांपैकी. तिची दगडी जाळी बघायला आजही लोक जातात. सगळे नक्षीचं कौतुक करतात. कारागीर म्हणून मला दिसतं ते वेगळं: बाहेरून आतलं दिसत नाही, वारा अडत नाही, उजेड चाळून आत येतो. आपल्याला कोरीव दगड नको. सिमेंटची जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नाहीतर खिडकीचा वरचा दीड फूट भाग माणसाच्या नजरेच्या वर ठेवा आणि तो कायम उघडा राहील असा करा. तिरप्या पट्ट्यांची झडप आणि आतून मच्छरजाळी बसवली की झालं. गरम हवा वर जाते आणि तिथूनच बाहेर पडते. पडदा खाली लावा. वरून हवा अडवू नका.

आता सवलतींकडे. खिडकीला नाही, मग वीज वाचवण्यासाठी सरकारने घराला काय दिलं?

पहिलं उदाहरण एलईडी बल्बचं. 2015 साली उजाला योजना आली. त्यात सरकारने बल्बमागे अनुदान दिलं नाही. एकदम कोट्यवधी बल्बांची खरेदी केली. 2014 मध्ये जो बल्ब खरेदीला 310 रुपयांना पडत होता, तो दोनेक वर्षांत 40 रुपयांच्या खाली आला. 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. यात नाव, सातबारा, घराचा उतारा काही लागलं नाही. वीजबिल दाखवा, बल्ब घ्या. नंतर तर किराणा दुकानातच स्वस्त झाला. म्हणून तो भाडेकरूच्या घरातही पोचला, पारधी वस्तीतही पोचला आणि आमच्या मोहल्ल्यातही.

दुसरं, पंखा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास फिरला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो, महिन्याला सोळा. घरात दोन पंखे असतील तर बत्तीस. सवलत नसतानाही परवडणारा हा सौदा आहे. दुकानात गेलात की तारे मोजा, फुलांची डिझाईन नंतर बघा.

तिसरी आणि आजची सगळ्यांत मोठी सवलत छतावरच्या सौरऊर्जेची. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक किलोवॅटला 30,000 रुपये, दोनला 60,000, तीन किंवा जास्तला 78,000. एक कोटी घरांचं लक्ष्य. एक किलोवॅटची यंत्रणा महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देते. आपल्यातल्या बऱ्याच घरांचा वापर त्याहून कमीच असतो. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, काम नोंदणीकृत ठेकेदाराकडून, आणि यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर पैसे थेट बँक खात्यात. मधल्या माणसाला "नोंदणी फी" द्यायची कुठेच गरज नाही. खालाला हे आधी माहीत असतं तर तिचे अकराशे वाचले असते. तेव्हा खूण लक्षात ठेवा. सबसिडी खात्यात येते. दारावर येऊन रोख मागते ती सबसिडी नव्हे.

आता माझ्या घरची गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर उभा आहे.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. पुढे पत्रा, मागे एक खोली स्लॅबची. सूर्यघर योजना आली तेव्हा मी अर्ज करायला बसलो. पहिली पायरी: वीज ग्राहक क्रमांक टाका. टाकला. नाव आलं आजोबांचं. आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं आम्ही दर महिन्याला एका मयत माणसाचं वीजबिल भरत होतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढला, घरपट्टीही आजोबांच्याच नावावर. दोष कुठल्या कार्यालयाचा नाही, आमचाच. आम्ही वारसनोंद कधी केलीच नव्हती.

मग वारसनोंद करायची ठरली. घरात बैठक झाली. आजोबांना चार मुलं: अब्बा, चाचा आणि दोन फुफी. एक फुफी जुन्नरला, एक कल्याणला. चाचा म्हणाले, "फुफींची हक्कसोडपत्रं घेऊन टाकू. काम सोपं होईल. त्या काही नाही म्हणणार नाहीत." मीही मान हलवली. खरं सांगतो, हलवली. मला सौर पॅनेल लवकर हवं होतं.

अम्मी चुलीजवळून म्हणाली, "नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच विचारायला हवं." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या बापाच्या घराच्या कागदावर मी नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. सही कर म्हणाले, मी केली."

बैठक तिथेच थांबली. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, हे आपण सगळे वाझमध्ये ऐकतो. तो भावाच्या निम्मा का, यावर आपल्यात चर्चा होतात, व्हाव्यातही. पण बहुतेक घरांत प्रत्यक्ष मिळणारा हिस्सा निम्माही नसतो, शून्य असतो. आणि तो शून्य करायला कुठलंही शास्त्र लागत नाही, एक स्टॅम्पपेपर पुरतो.

आम्ही दोन्ही फुफींना फोन केला. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज दिला. उताऱ्यावर चारही नावं लागली. कल्याणच्या फुफी सहीला आल्या, तेव्हा उतारा हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाल्या, "माझं नाव कुठं आहे ते बोटाने दाखव." मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. मीटर अब्बांच्या नावावर करायला दोन्ही फुफींनी स्वखुशीने संमती दिली. सगळ्याला सात महिने लागले. चाचा अजूनही म्हणतात, हक्कसोडपत्राने दोन महिन्यांत झालं असतं. खरं आहे, झालं असतं.

आज मागच्या स्लॅबवर एक किलोवॅटचं पॅनेल आहे. आणि पॅनेलच्या आधी मी आणखी एक काम केलं: अम्मीच्या स्वयंपाकघरात मी स्वतःच बुजवलेला झरोका फोडला. त्याला सबसिडी नव्हती. एक दिवसाची मजुरी लागली, माझीच.

मित्रांनो, आपण डिंभ्यात बसलो आहोत. समोर घोड नदीवरचं धरण आहे. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीसमोर प्राण देणारे. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव पडलं, ते मूळ गाव या पाण्याखाली आहे. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जातं. ज्यांची घरं गेली, त्यांत महादेव कोळी बांधव मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना विचारा, घराची आणि जमिनीची भरपाई मागताना पहिला प्रश्न काय विचारला जायचा. "उतारा कुणाच्या नावावर?" धरण असो, घरकुल असो, सौर पॅनेल असो, कागद हाच दरवाजा आहे. तो बंद असेल तर आत काय वाटतात ते आपल्याला कळतही नाही.

म्हणून जाताना चार कामं देतो.

एक. घरी जाऊन वीजबिल आणि घराचा उतारा काढा. त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. मयत माणसाचं असेल तर वारसनोंदीला लागा. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकतपत्रिका देणारी स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली. तिचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाला. मिळकतपत्रिका तयार होताना चुकीचं नाव लागलं, तर पुढच्या पिढीला ते निस्तरावं लागेल.

दोन. त्या यादीत घरातल्या बायकांची नावं आहेत का ते बघा. ग्रामीण घरकुल योजनेचा नियमच आहे, की घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर किंवा बाईच्या नावावर मंजूर व्हावं. नियम आपल्या बाजूने असताना आपणच मागे राहू नये.

तीन. ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार होतात. मुलीही जा. तिथे विचारा: शाळेच्या, अंगणवाडीच्या खोल्यांना समोरासमोर खिडक्या आहेत का? घरकुलांना छज्जे का नाहीत? दाखला वेळेत मिळत नसेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदत त्यात ठरलेली असते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

चार. दारावर कुणी सरकारी योजना घेऊन आला आणि पैसे मागितले, तर आधी तुमच्यातल्या एकाला फोन करायचा, असं मोहल्ल्यातल्या प्रत्येक खालाला सांगून ठेवा. तुमच्या हातात मोबाईल आहे, त्याचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ.

आणि माझ्या धंद्याची गोष्ट. हल्ली कुणी स्लायडिंग मागितली की मी आधी विचारतो, या खोलीत दिवसभर कोण असतं? बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. मग मी माप त्यांनाच विचारून घेतो. परवा एका घरात आजी म्हणाल्या, "आजवर कितीजण खिडकी मोजायला आले, मला कुणी विचारलं नव्हतं." मी टेप त्यांच्या हातात दिला.